सायमन सर वेळेवर आले होते

सायमन सर शाळेत वेळेवर आले असा एकच दिवस मला आठवतो, आणि तसा दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नये. एरवी प्रार्थना संपून, हजेरी होऊन मी फळ्यावर तारीख घातली, की मागच्या जिन्यावर चपलांचा फटाफट आवाज यायचा. आधी रंगांची कापडी पिशवी दिसायची, मग घामाने निथळणारा गोल चेहरा. मस्टर तोवर हेडमास्तरांच्या टेबलावर गेलेलं असायचं. सर माझ्या वर्गाच्या दारात क्षणभर थांबून विचारायचे, "येळ हाय ना बाई अजून?" वेळ कधीच नसायचा. तरी मी हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं की ते बिचारे धावायचे, आणि धावले की रंगांच्या बाटल्या फुटायच्या.

भाईंदरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि ते चित्रकला. मी गिरगाव सोडून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात नवी राहायला आले होते. नळाला पाणी नाही, रस्त्याला दिवे नाहीत, त्यामुळे सदा वैतागलेली असायचे. ते जवळच्याच डोंगरी या समुद्राकाठच्या गावचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. माझ्या वैतागाचं त्यांना फार नवल वाटायचं. "बाई, तुमी लय घाईत असता. टँकर येनार हाय, पानी भेटनार हाय. मग?" त्या "मग?"चा मला राग यायचा. चित्रकलेच्या परीक्षेतही त्यांचं हेच. घंटा झाली तरी ज्याचं आभाळ रंगवून व्हायचंय त्याला ते मधल्या सुट्टीभर बसू द्यायचे. घाई केली की रंग एकमेकांत पळतात, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तरांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते सांगण्यासारखं नाही.

त्यांच्या उशिराचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा डोंगरीच्या चर्चच्या सणाला मी त्यांच्या घरी गेले, रात्री राहिले आणि सकाळी त्यांच्याबरोबरच शाळेला निघाले. बस आली तेव्हा सर सगळ्यांच्या पुढे उभे होते. तेवढ्यात मागून डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका आल्या आणि सर बाजूला झाले. "जा गो, जा तुमी. बाजार सुटंल." बस भरून गेली. दुसऱ्या बसच्या वेळी आणखी बायका आल्या, सर आणखी बाजूला झाले. मी चिडून विचारलं, की सर, हे रोजचंच आहे का?

"आमच्याकडं असंच हाय, बाई," ते म्हणाले. "बर्फाला जा, दुकानात जा, विहिरीवर जा. ज्याची होडी थांबलीय त्याला आधी सोडायचं. पानी उतरलं का होडी चिखलात बसते, मग दिवस गेला त्याचा. आपली कुठं होडी थांबलीय?"

"आपलं मस्टर थांबलंय ना!"

"मस्टर चिखलात न्हाय बसत," सर म्हणाले, आणि शांतपणे पुढच्या बसची वाट बघू लागले. त्या दिवशी मलाही लेट मार्क लागला.

गंमत इथवरच होती. सरांची बायको मार्था आजारी पडली तेव्हा त्यांची मुलगी सेलिन शाळेत शिकत होती. हॉस्पिटलात आईजवळ तीच बसायची. शेवटच्या दिवशी मार्थाने घरची रोझरी, जपाची माळ, मागितली म्हणून सर ती आणायला डोंगरीला गेले. येताना स्टॉपवर नेहमीसारख्या टोपल्या होत्या. सरांनी नेहमीसारखी बस सोडली. मार्था इतक्यात जाईल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं, तर सरांना कुठून वाटणार! ते पोचले तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. सेलिन रडत नव्हती. तिने त्यांच्या हातातल्या रोझरीकडे बघितलं आणि विचारलं, "आज पन तुला येळ व्हता, पप्पा?"

हे सरांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही मान खाली घालून ब्रश धुताना. म्हणाले, "ती लहान व्हती, बाई. पन बोलली ते खोटं न्हाय बोलली." त्यानंतर बापलेकींमध्ये भांडण असं कधी झालं नाही. ती जेवायला वाढायची, कपडे इस्त्री करायची. फक्त काही सांगायचं असलं, की ती आत्याला, म्हणजे सरांच्या थोरल्या बहिणीला, आग्नेसबायला सांगायची. पुढे ती नर्स झाली आणि आखातात नोकरीला गेली. तिथेच तिचं लग्न ठरलं. मुलगाही तिथेच नोकरीला होता, दोघांनाही रजा मिळेना, म्हणून लग्न तिथल्याच चर्चमध्ये करायचं ठरलं. आईच्या मरणानंतर पहिल्यांदाच तिने बापाच्या नावाने पत्र पाठवलं. वेदीपर्यंत तूच मला घेऊन जायचंस, तेवढ्या एका दिवशी उशीर करू नकोस, असं तिने लिहिलं होतं.

सरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. तिकीट आलं, काळा सूट शिवून झाला. आम्ही त्यांना छळ छळ छळलं. "सर, ते विमान आहे, तुमची डोंगरीची बस नव्हे. एक सोडली की दुसरी मागून येत नाही." सर लाजून हसायचे. "न्हाय, न्हाय. ह्या टायमाला मी पहिला." निघायच्या आदल्या संध्याकाळी गावच्या क्रूसापाशी सगळी डोंगरी जमली, प्रार्थना झाली, आग्नेसबायने भाचीसाठी करंज्यांचा डबा बांधून दिला. गावकरी टेम्पो करून पोचवायला यायचं म्हणत होते. सरांनी त्यांना हात जोडले. एवढी माणसं बरोबर आली तर हमखास उशीर होणार, म्हणून ते एकटेच गेले. विमान रात्रीचं होतं आणि हे दुपारीच सहारच्या विमानतळावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी पोचले तर पहिली घंटाही व्हायची होती. फाटकाशी काळा सूट घालून सायमन सर उभे होते. पायाशी बॅग, हातात करंज्यांचा डबा. आधी मला कळेचना. मग कळलं. "सर, तुम्ही इथे?" ते म्हणाले, "गावात कसा जाऊ, बाई? सगळ्यांनी निरोप दिलाय मला." आणि मग मुलांच्या देखत फाटकाला धरून रडायला लागले.

झालं होतं ते असं. आखातातली लढाई नुकतीच संपली होती आणि पळून आलेले कामगार पुन्हा तिकडे धावत होते. काउंटर उघडलं तेव्हा रांगेत सायमन सर पहिले होते. खरोखरच पहिले. त्यांच्या मागे कामगारांची टोळी होती, गळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. त्यातला एक जण रडवेला होऊन म्हणाला, "मास्टरजी, हमारा वीज़ा ख़तम हो रहा है. आज नहीं पहुँचे तो नौकरी गई." सरांनी त्याला पुढे सोडलं. मग त्याच्या भावाला सोडलं. मग सगळी टोळीच पुढे गेली. मग कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई आली. सरांचं तिकीट पक्कं होतं, विमानाला अजून अवकाश होता. शेवटी सर काउंटरशी गेले तेव्हा तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "सीट नहीं है. आप लेट हो."

विमानात खुर्च्या जितक्या, त्याहून जास्त तिकिटं त्या कंपनीने विकली होती. हे तिथल्याच एका हमालाने सरांना सांगितलं, तेव्हा विमान उडून गेलं होतं. पुढची जागा दोन दिवसांनी होती आणि लग्न तर विमान चुकल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी होतं. म्हणजे फाटकाशी ते रडत होते तेव्हा सेलिन तिकडे नटायला बसली असेल.

स्टेशनजवळच्या टेलिफोनच्या बूथमध्ये मी त्यांना घेऊन गेले. काचेच्या आत ते रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. "सेलिन, आयक. मी टायमावर गेलो व्हतो. त्यांनी तिकिटं जास्ती इकली. मी टायमावर गेलो व्हतो, बाय." बाहेर आल्यावर म्हणाले, "ती 'हो पप्पा' बोलली. भांडली आसती तर बरं झालं आसतं." तिला मित्राच्या वडिलांनी वेदीपर्यंत नेलं. लग्नाचे फोटो आले, ते आग्नेसबायच्या पत्त्यावर.

माझं डोकं फिरलं होतं. विकल्या तिकिटाला खुर्ची द्यावी, एवढं आमच्या बसच्या कंडक्टरलाही कळतं. मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, की प्रवासी काउंटरवर उशिरा आला, सबब कंपनी जबाबदार नाही. ते वाचून सर पांढरे पडले. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक मंच नवा सुरू झाला होता, वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार चालते असं ऐकलं होतं. मी तक्रार लिहायला घेतली आणि भरपाई किती मागायची ते सरांना विचारलं.

"पैशे नको," सर म्हणाले. "त्यांनी एक ओळ लिवून द्यावी. सायमन टायमावर आला व्हता, चूक आमची. बस. ती मी सेलिनला पाठवीन."

भरपाई मागितल्याशिवाय तक्रार होत नाही, हे त्यांना पटवताना माझा घसा सुकला. शेवटी मी आकडा घातला आणि खाली त्यांची ओळही घातली. मग तारखा सुरू झाल्या. घोडबंदर रोडची एसटी पकडून आम्ही जायचो, शाळेची रजा टाकून, डबा घेऊन. सर प्रत्येक तारखेला दार उघडायच्या आधी हजर. कंपनीचा वकील कधी आजारी, कधी दुसऱ्या कोर्टात, कधी कागद विसरलेला. पुढची तारीख घेऊन परत यायचं. एकदा तो वकील व्हरांड्यात भेटला आणि गोड आवाजात म्हणाला, की मास्तर, फुकट तिकीट घ्या, जाऊन मुलीला भेटून या, मिटवून टाकू. सरांनी विचारलं, "आनि ती ओळ?" वकील हसला. "अहो, कंपनी असं काही लिहून देत नसते."

"मग तिकीट घेऊन मी काय करू?" सर म्हणाले. "परत लगीन लावनार हाय का ती?"

रांगेत लोकांना पुढे सोडल्याची गोष्ट त्यांनी सेलिनला सांगितली नव्हती, आणि मीही सांगू नये म्हणून मला त्यांनी मार्थाची शपथ घातली होती. "ती बोलंल, सगळ्यांना पुढं सोडलंस, आनि मला मागं ठेवलंस. आनि ते खोटं न्हाय, बाई." मी म्हटलं, मग मंचापुढेही सांगू नका. दुपारपासून हजर होतो, रांग मोठी होती, एवढंच बोला. यात खोटं काहीच नव्हतं. एसटीत बसून मी त्यांच्याकडून ते पोरांच्या पाढ्यांसारखं घोकून घेतलं.

शेवटी ती वेळ आली. वकिलाने विचारलं, दुपारी आलात, काउंटर संध्याकाळी उघडलं, मग तुम्ही सगळ्यांच्या शेवटी कसे? सरांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवलं. पण बायबलवर हात ठेवला नसला तरी खोट्याच्या जवळपास जाणंही त्यांना जमायचं नाही. "मी पहिला व्हतो, साहेब. मग लोकांना पुढं सोडलं." का सोडलं, असं समोर बसलेल्या, मंचाच्या सदस्य बाईंनी विचारलं. सरांनी होडीचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. त्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि अगदी हळू विचारलं, "तुम्ही पहिले होतात, याला साक्षीदार आहे कुणी?"

"हायेत ना," सर म्हणाले. "पन ते सगळे इमानात बसून गेले."

निकालात सरांना थोडी भरपाई मिळाली, कारण जास्त तिकिटं विकणं चूकच होतं. पण तक्रारदार स्वतःच्या मर्जीने काउंटरवर उशिरा गेला, असंही त्यात होतं. सगळा निकाल मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तेवढीच ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हंजे मी लेट." मी कायद्याचं काहीबाही बोलत राहिले, अपिलाचं बोलले. ते एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. "आता सरकारी शिक्का बसला, बाई. आता ती बरोबर आनि मी लेट." चेक आला तो त्यांनी चर्चच्या पेटीत टाकून दिला.

त्यानंतरचे सायमन सर मला ओळखू येईनात. शाळेत वेळेवर येत नव्हतेच, पण आता दाराशी थांबून वेळ विचारत नसत. पूर्वी फळ्यावर होड्या काढून दाखवायचे, तेही बंद झालं, मुलांना पुस्तकातलं फूल बघून काढायला सांगायचे आणि खिडकीशी बसून राहायचे. निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तरांनी त्यांच्या लेट मार्कांची नेहमीची थट्टा केली. सगळे हसले. सर उठून हात धुवायला निघून गेले ते परत आलेच नाहीत.

एकदा त्यांना बघायला मी डोंगरीला गेले होते. परतताना त्यांनाही भाईंदरला यायचं होतं, म्हणून आम्ही स्टॉपवर उभे राहिलो. बस आली. मागून टोपली घेऊन एक म्हातारी धापा टाकत आली आणि सवयीने थेट पुढे गेली. सरांनी तिला कोपराने बाजूला सारलं आणि आधी बसमध्ये चढले. म्हातारी टोपली सावरत बघतच राहिली. "मास्तर?" एवढंच म्हणाली. सर आत जाऊन बसले, मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून. भाईंदर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं मरण मी त्या दिवशी बघितलं असं मला वाटतं. पुढचं सगळं नुसतं शरीराचं होतं.

ते शरीर मे महिन्यात गेलं. सेलिनला कळवलं. ती निघतेय असा निरोप आला. गाव थांबलं. दिवसभर उन्हात माणसं दारात बसून होती, बर्फाच्या लाद्या येत होत्या आणि वितळत होत्या. विमानाची वेळ टळून गेली, ती आली नाही. संध्याकाळी फादर आग्नेसबायजवळ येऊन उभे राहिले. आग्नेसबाय म्हणाली, "न्या आता." सरांना दफनभूमीत मार्थाच्या शेजारी ठेवलं.

सेलिन दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बॅग हातातच होती. मी आणि आग्नेसबाय तिला घेऊन मातीपाशी गेलो. ती उभी राहिली आणि माझ्याकडे वळून, कुणी काही विचारलेलं नसताना, घाईघाईने सांगू लागली. "बाई, मी टायमावर गेले होते हो. विमान फुल होतं, मी वेटिंगवर होते. लायनीतल्या सगळ्यांना सांगितलं, माझा बाप गेलाय, मला पुढं जाऊ द्या. कुणी सोडलं नाही, बाई. एकानं पण सोडलं नाही."

आग्नेसबाय खाली वाकून मातीवरची फुलं सारखी करत होती. तशीच, वर न बघता म्हणाली, "तुजा बापूस त्या लायनीत आसता, तर त्यानं सोडली आसती तुला."

सेलिनला ते कळलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. शपथ ज्यांनी घातली आणि जिची घातली ती दोघंही आता शेजारी शेजारी मातीत होती. मी तिला सगळं सांगितलं. दुपारपासूनचं सांगितलं, गळ्यात पिशव्या घातलेल्या कामगारांचं, तान्ह्या मुलाचं, होडीचं, मंचापुढे त्यांनी दिलेल्या उत्तराचं. ऊन चढत होतं. ती बॅग खाली न ठेवता ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे पप्पा लायनीत पहिले होते?"

"पहिले होते," मी म्हटलं.

"टायमावर गेले होते पप्पा," सेलिन म्हणाली, आणि मग तिच्या हातातून बॅग सुटली. हे एवढं वाक्य तिच्या तोंडून ऐकायला जो माणूस इतकी वर्षं ताटकळला होता, त्याला आम्ही आदल्या संध्याकाळी माती देऊन मोकळे झालो होतो.